मावशीचा मूळ रंग

जाहिरातीतलं बाकी सगळं मी एका दमात लिहिलं. अमेरिकन गाडी, जुनी, छोट्या आकाराची, चार दरवाजे, इंजिन तिचं स्वतःचं, काम सगळं घरच्या माणसांनी केलेलं, यायच्या आधी फोन करावा. रंगापाशी येऊन हात अडला. शेवटी लिहिलं, 'रंग प्रत्यक्ष पाहावा.' वर्तमानपत्राच्या काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "म्हणजे नक्की कोणता?" मी म्हटलं, "तेच तर." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. शहाण्या होत्या.

छोट्या आकाराची हे म्हणणं गाडी बनवणाऱ्यांचं, माझं नाही. तिकडे अमेरिकेत हिला छोटी म्हणतात म्हणे. माझ्या गॅरेजात ती उभी राहिली की बाजूने जायला पोट आत घ्यावं लागतं, आणि डिकी उघडायची तर आधी शटर वर करावं लागतं. बाबांनी ती देश सोडून निघालेल्या एका इंजिनियरकडून घेतली. दारात उभी केली तेव्हा आई तिला एक फेरी मारून म्हणाली, "ही पाहुणी किती दिवस राहणार आहे?" तेव्हापासून तिचं नाव मावशी. आली ती राहिलीच.

बाबा गेल्यावर मावशी माझ्याकडे आली, कारण गॅरेज एकट्या माझ्याकडे होतं. माझे हे तेव्हा होते. ह्यांनी आपली स्कूटर मुकाट्याने बाहेर पत्र्याखाली लावली आणि मावशीला जागा करून दिली.  आता हेही नाहीत, स्कूटरही नाही. मावशी आहे.

मला दोन भाऊ. मधला पाण्याचे पंप दुरुस्त करतो, धाकट्याचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे. मी थोरली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, कानाला हेडफोन लावून जन्मभर दुसऱ्यांचे कॉल जोडले. ह्यांच्यानंतर पहिल्या वर्षी दोघं भाऊ येऊन बसायचे, काय बोलावं ते कळायचं नाही, म्हणून एक दिवस उठून गॅरेजात गेले आणि मावशीचं बॉनेट उघडलं. इंजिन मधल्याकडे गेलं, पत्रा आणि रंग धाकट्याकडे, चहा माझ्याकडे. वाटणी कोणी केली नव्हती, आपोआप झाली.

काम त्यांनी केलं, ते मात्र मान्य करायला हवं. मावशीच्या पायाखालचा पत्रा इतका कुजला होता की सीटवर बसून जमीन दिसायची. धाकट्याने तो कापून काढला आणि नवा असा जोडला की जोड सापडत नाही. मधल्याने कार्ब्युरेटर सुटा करून माझ्या चांगल्या चादरीवर मांडला. "जुनी चादर दे" म्हणाला असता तर दिली असती. विचारायची पद्धत आमच्याकडे नाही.

भांडण झालं ते रंगावरून.

बाबांनी पुढे कधीतरी मावशीला स्वस्तातला विटकरी रंग मारून घेतला होता. तो कोणालाच आवडत नव्हता. ती पहिल्यांदा घरी आली त्या दिवशीचा रंग द्यायचा यावर दोघांचं एकमत होतं, आणि तिथेच एकमत संपलं. मधला म्हणाला, आकाशी. धाकटा म्हणाला, क्रीम. विटकरी घासून काढला तर दारांवर खाली क्रीम निघाला आणि मडगार्डवर निळा. आधीच्या मालकांनी, नाहीतर नंतर बाबांनी, कुठलं दार, कुठलं मडगार्ड कुठून आणून बसवलं होतं, देवाला ठाऊक. त्याखाली हिरवट प्रायमर, त्याखाली पत्रा. पत्रा काही बोलला नाही.

"मावशी आली तेव्हा तू आईच्या कडेवर होतास," मधला म्हणाला. "तुला काय आठवणार?"

"बाबांनी मला मांडीवर घेऊन स्टेअरिंग धरायला दिलं होतं," धाकटा म्हणाला. "समोर क्रीम बॉनेट होतं. ऊन पडलं होतं त्याच्यावर. मला दिसतं अजून."

"स्वप्नात दिसतं."

धाकट्याने हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला. त्यानंतर तो मधल्याशी बोलला नाही. मधलाही त्याच्याशी बोलला नाही. स्प्रे गन धाकट्याकडे होती, म्हणून मावशी क्रीम झाली. मधल्याने मग इंजिनावरचं झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, आणि एअर फिल्टरचा डबा ब्रशने आकाशी रंगवला आणि बॉनेट खाली टाकलं. तेव्हापासून तो मावशीकडे फक्त बॉनेट उघडून बघायचा.

आता तुम्ही विचाराल, खरं काय होतं. निळी होती. स्वच्छ आकाशी, माझ्या शाळेच्या रिबिनीसारखी. त्या दिवशी मी दाराशी उभी होते, तिच्या दाराला हात लावला म्हणून आई मला ओरडली होती. मधला बरोबर आहे. तेव्हा मला कोणी विचारलं नाही, आणि मीही आगाऊपणा केला नाही, कारण धाकट्याचा चेहरा मी पाहिला होता. बाबांच्या मांडीवरची ती आठवण त्याच्याकडे असलेली बाबांची सगळ्यात पहिली आठवण आहे. ती कुठल्या दुसऱ्या गाडीतली आहे की त्याने आपली आपण तयार केली, मला माहीत नाही. पण "निळी" एवढं म्हटलं की ती त्याच्या हातातून काढून घेतल्यासारखं झालं असतं. आणि मग तो माझ्याही घरी आला नसता. त्याचा राग मला माहीत आहे, तो आमच्या आईवर गेलाय.

तर त्यानंतर वेळा ठरल्या. मधला सकाळी, दुकान उघडायच्या आधी. धाकटा संध्याकाळी, दुकान बंद केल्यावर. मधे मी.

"त्याला सांग, वायरिंगला हात लावायचा नाही म्हणावं."

"त्याला सांग, तेलाचे हात दाराला पुसत जाऊ नकोस. टॉवेल म्हणून आणलेली नाही गाडी."

मी सांगायची. गोड करून नाही, जसंच्या तसं. ऑपरेटरने निरोपात मीठसाखर घालायची नसते. वैताग यायचा, दोघांना एकदा चांगलं फैलावर घ्यावं असं वाटायचं. पण खरं सांगते, त्या वेळांनीच माझा दिवस उभा राहायचा. सकाळी मधल्याबरोबर एक कप, संध्याकाळी धाकट्याबरोबर एक कप. मधल्या वेळात मी निरोप लक्षात ठेवत फिरायची, म्हणजे घरात आणखी कोणीतरी आहे असं वाटायचं.

आणि मग मावशी पूर्ण झाली. हीच खरी अडचण.

मधल्याने एका सकाळी इंजिन सुरू केलं, हात पुसले, म्हणाला, "झालं. आता विकून टाक." संध्याकाळी धाकट्याने बंपरच्या क्रोममध्ये स्वतःचे दात बघितले आणि म्हणाला, "विकून टाक, ताई. त्याच्या घरी जाऊ द्यायची नाही." मधलाही तेच म्हणाला होता, धाकट्याच्या घरी जाऊ द्यायची नाही म्हणून. इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदा जुळलं, तेही यावर. पुढच्या आठवड्यात मधला दोनदा आला नाही. फोन केला तर म्हणाला, "काम काय आहे तिथे आता?"

काम काय आहे. मी फोन ठेवला आणि बराच वेळ गॅरेजात जाऊन उभी राहिले. मावशी विकली गेली की मधल्याला यायचं कारण नाही आणि धाकट्याला यायचं कारण नाही. एकमेकांना सांगायला काही नाही म्हणजे मला सांगायलाही काही नाही. दोघं आपापल्या घरी म्हातारे होणार, मी माझ्या घरी, आणि कोणाच्या तरी मयतीला तिघं एकत्र येणार, तीनपैकी दोघं. हे डोळ्यांसमोर दिसत असूनही मी जाहिरात दिली, कारण मला सांगितलं होतं आणि मी दिलेलं काम करते.

फोन बरेच आले. एकाला ती लग्नासाठी भाड्याने हवी होती. एकाने मैल किती देते विचारलं, मी सांगितल्यावर नुसता हसला. एका गृहस्थांनी मात्र नीट प्रश्न विचारले आणि रविवारी सकाळी येतो म्हणाले. दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करत होते. आवाजावरून घेणारा माणूस वाटला. कोण नुसतं बोलतंय आणि कोण खरंच बोलतंय, हे मला कानाने कळतं.

आता गोष्ट अशी, की मावशीला दोन किल्ल्या आहेत. एक दरवाज्यांची आणि इंजिनची, एक डिकीची. कंपनीनेच तशा दिलेल्या. पहिली मधल्याकडे असायची, दुसरी धाकट्याकडे, आणि दुसऱ्याच्या हातात द्यायला दोघंही तयार नव्हते, माझ्याही नाही. गिऱ्हाइकाला गाडी पूर्ण दाखवायची तर दोघांना एका वेळी यावं लागणार. मी दोघांना तसं कळवलं. मधला म्हणाला, "त्याला सांग, माझ्या बाजूला उभं राहायचं नाही म्हणावं." धाकटा म्हणाला, "मी डिकीपाशी उभा राहीन. पुढे येणार नाही." सांगितलं.

रविवारी मधला बॉनेटपाशी उभा, धाकटा डिकीपाशी, मधे मावशी, आणि मी दारात ट्रे घेऊन. एक्स-रेवाले वेळेवर आले. बारीक, टापटीप माणूस, खिशात छोटा टॉर्च.  वाकून चाकांच्या आत टॉर्च मारला, दरवाज्यांच्या फटी बोटाने मोजल्या, मग रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून पत्र्यावरून हळूहळू फिरवलं. पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली असली की चुंबक चिकटत नाही, म्हणून. धाकट्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, यांना सांग, नुसता पत्रा आहे. पुट्टी शोधून दाखवा म्हणावं."

एक्स-रेवाले त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नुसता पत्रा आहे म्हणतोय."

"ऐकू आलं मला," ते म्हणाले.

"यांना सांग, इंजिन सुरू करून दाखवतो," मधला बॉनेटपलीकडून म्हणाला.

"इंजिन सुरू करतोय," मी म्हटलं. सवय, दुसरं काय.

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. मी चहाचा ट्रे मावशीच्या छतावर ठेवला तर कपबशी वाजली नाही. एक्स-रेवाले डोळे मिटून ऐकत होते. मग डोळे उघडून म्हणाले, "मला आवडली."  गिऱ्हाईक असं सांगत नाही, सौदा करायच्या आधी तर नाहीच. म्हणजे हा माणूस नेणार. आजच नेणार.

त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं, आकाशी टॅपेट कव्हर पाहिलं, मागे सरून क्रीम दार पाहिलं, परत आत पाहिलं.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "हिचा मूळ रंग कुठला?"

"आकाशी," मधला म्हणाला.

"क्रीम," धाकटा म्हणाला.

दोघंही एकाच वेळी बोलले. एक्स-रेवाल्यांनी पुढे पाहिलं, मागे पाहिलं, मग अर्थातच मधे पाहिलं.

"ताईला विचारा," मधला म्हणाला. "ती मोठी आहे. तिला आठवत असणार."

"हो, विचारा ना," धाकटा म्हणाला. "ताई, सांग."

इतकी वर्षं नाही विचारलं, आणि आता परक्या माणसासमोर विचारलं. मला असा संताप आला म्हणून सांगू. एवढ्या हजार निरोपांत एक निरोप मला नाही. मी मधल्याकडे पाहिलं. तो निवांत होता, त्याला माहीत होतं. धाकट्याकडे पाहिलं. त्याचा हात डिकीवर होता आणि तो हसत होता. तोंडावर हसू असलं तरी हात हलत नव्हता. हा माझ्या कडेवरही होता. मी निळी म्हटलं की हा गेला. क्रीम म्हटलं तर मधल्याला मी खोटं बोलले हे लगेच कळणार, आणि तो गेला. काहीच नाही म्हटलं तर मावशी जाणार आणि दोघं गेले.

"हिरवी," मी म्हटलं.

मधल्याने खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. 

"काय?" मधला म्हणाला.

"हिरवी होती. पालकासारखी."

"ताई, कसली हिरवी?" धाकटा डिकी सोडून पुढे आला. "हिरवी कधी होती?"

"पहिल्यापासून होती. बाबा म्हणायचे, झाडाखाली लावली की सापडत नाही."

हे मी तिथल्या तिथे बनवलं. मला वाटलं नव्हतं मला जमेल.

"बाबा असं कधीच म्हणाले नाहीत," दोघं म्हणाले. एकदम, एका सुरात.

"म्हणाले होते. तुम्ही लहान होतात."

"अरे, हिला काय झालंय?" मधला म्हणाला, आणि तो हे माझ्याशी बोलत नव्हता. "हिला ते प्रायमर आठवतंय. तू घासलंस तेव्हा हिरवं निघालं नव्हतं का, ते बघितलंय हिने."

"तेच," धाकटा म्हणाला. "आणि बाबांच्या नावावर खपवतेय. तू सांग हिला, बाबांना हिरवा रंग चालायचा तरी का? साधा हिरवा शर्ट घातला नाही त्यांनी."

"एक होता. आईने आणलेला. त्यांनी तो परत दिला."

"परत दिला ना? मग?"

"सांग तिला," मधला म्हणाला. "तूच सांग. माझं ऐकायची नाही ती."

मी ट्रे छतावरून उचलला.  आपण एकमेकांशी बोलतोय हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

"डॅशबोर्डच्या मागे घासलेलं नाहीये मी," धाकटा म्हणाला. "तिथे जुने सगळे थर असतील. कोणी खोललंच नसणार ते कधी."

"मग खोल. दाखवूच हिला. किल्ली घे." मधल्याने खिशातली किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. मी ती किल्ली त्याच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना आजवर पाहिली नव्हती. "पाने डिकीत आहेत ना?"

"आहेत. ही घे."

एक्स-रेवाले बराच वेळ उभे होते. दोघं पुढच्या सीटवर उताणे पडून, पाय दोन्ही दारांतून बाहेर काढून, डॅशबोर्डखाली टॉर्च मारत होते. टॉर्च एक्स-रेवाल्यांचा होता.

"मग गाडीचं कसं?" त्यांनी विचारलं.

"थांबा जरा," आतून दोन आवाज आले.

ते थांबले. चहा प्यायले, दुसरा कप प्यायले. माणूस चांगला होता, ती त्याच्याकडे सुखात राहिली असती. शेवटी म्हणाले, "तुमचं ठरलं की कळवा," आणि टॉर्च परत न घेताच गेले. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. तिथे ते हळूच म्हणाले, "खरंच हिरवी होती का हो?"

"नाही," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पुढे विचारलं नाही. लोक शहाणे असतात, फक्त आमच्या घरातले सोडून.

डॅशबोर्डच्या मागे काय निघालं ते मला कोणी सांगितलं नाही. कारण ते दोघं माझ्याशी बोलत नाहीत. बाबांच्या तोंडी खोटी वाक्यं घालते म्हणून. रंगाचं एक वेळ सोडून दिलं असतं, पण बाबांचं नाही, असं मधला धाकट्याला म्हणाला, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. मावशी पुन्हा उघडली आहे. डॅशबोर्ड बाहेर, सीट बाहेर, दारं बिजागऱ्यांवरून उतरवून माझ्या चांगल्या चादरीवर ठेवलेली. हिरवा कुठेच नाही हे पूर्ण सिद्ध झाल्याशिवाय विकायची नाही असं ठरलंय. दोघं संध्याकाळी एकत्र येतात, एकत्र जातात. परवा मधला म्हणत होता, "दारं तर क्रीमच होती बुवा. दारं आपलीच असली तर तुझंही बरोबर असेल." धाकट्याने त्याला पाना दिला.

त्रास होतो. का खोटं बोलू? धाकटा समोरून जातो आणि माझ्याकडे बघत नाही. मी त्याला न्हाऊ घातलंय.

काल संध्याकाळी गॅरेजातून धाकट्याचा आवाज आला, "ताईला सांग, चहा ठेव म्हणावं."

मधला स्वयंपाकघराच्या दारात आला आणि भिंतीकडे बघून म्हणाला, "चहा ठेव म्हणतोय."

"किती कप?" मी विचारलं.

तो परत गेला, विचारून आला. "दोन."

मी दोन कप ट्रेमध्ये ठेवून दारात दिले. तिसरा माझा मी ओतला, स्टूल दाराजवळ ओढलं आणि दार अर्धं उघडं ठेवलं. बाहेर दोघं मला नावं ठेवत होते, आधी हा, मग तो, मग दोघं हसले. एक्स्चेंजमध्ये आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, दोन माणसं बोलायला लागली की ऑपरेटरने बाजूला व्हायचं, लाइनवर कान लावून बसायचं नाही. नोकरीत मी तो नियम कधी मोडला नाही. काल मी चहा संपेपर्यंत ऐकत बसले, आणि संपल्यावरही.